गाड्यांच्या काचा फुटताहेत. गल्लीची गस्त हवी, पण कशी?

पहाटे दूध आणायला बाहेर पडलेला माणूस दारातच थबकतो. रात्री समोर लावलेल्या कारची मागची काच जागेवर नाही. रस्त्यावर खडीसाखरेसारखे काचेचे तुकडे, डॅशबोर्डचा खण उघडा, कागद विस्कटलेले, सीटवरची बॅग गायब. दहा मिनिटांत शेजारीपाजारी जमतात. कुणी म्हणतं, तीनच्या सुमारास कुत्री भुंकत होती. कुणी म्हणतं, आवाज आला होता, पण वाटलं मांजर असेल. फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत ठरतं की आजपासून रात्रीची गस्त.

बेळगाव, निपाणी, खानापूर किंवा कोल्हापूर, मडगाव, वडोदरा, इंदूर इथल्या मराठी वस्त्यांत राहणाऱ्यांना पुढची गोष्टही सांगायला नको. पहिल्या रात्री वीस जण येतात, चहा होतो, काठ्या निघतात. चौथ्या रात्री सहा जण. दहाव्या रात्री कुणीच नाही. महिन्याभराने पुन्हा एखादी काच फुटते आणि पुन्हा तोच ग्रुप, तोच निर्धार.

गस्तीचा विचार चुकीचा नाही. चुकतं ते गस्तीचं उद्दिष्ट. गल्लीने चोर पकडायला निघायचं नसतं. इथे काही मिळणार नाही आणि कुणीतरी बघतंय, एवढं चोराला कळलं तरी काम होतं. पकडायला निघालेली गस्त आठवड्यात थकते किंवा एखाद्या रात्री भलत्याच माणसाला गाठते. रोखणारी गस्त मात्र वर्षभर चालू शकते, कारण तिला फार कमी लागतं.

चोराचं गणित साधं आहे

आपल्या जुन्या गल्ल्या सायकलच्या काळात वसल्या. शहापूर-वडगावची घराला घर लागून असलेली वस्ती असो की टिळकवाडीतली जुनी कौलारू घरं, गाडीसाठी आत जागा ठेवायची पद्धतच नव्हती. आता एका घरात कार, दोन दुचाक्या आणि भाडेकरूची आणखी एक गाडी असते. ती सगळी रात्रभर रस्त्यावर उभी राहतात.

कारची समोरची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून केलेली असते, ती तडकली तरी सहसा जागेवर राहते. दाराची काच बहुतेक गाड्यांत तशी नसते. ती फुटली की तिचा चुरा होतो, अपघातात माणूस कापला जाऊ नये म्हणून. हीच सोय चोराच्याही पथ्यावर पडते. त्याचं काम मिनिटभरातच उरकतं. त्यामुळे ‘जागा राहून पकडू’ हा हिशेब मुळातच जमत नाही. आवाज ऐकून माणूस चपला घालून खाली येईपर्यंत चोर कोपरा ओलांडून गेलेला असतो.

दरवेळी बॅगच जाते असंही नाही. बॅटरी, स्टेपनी, टेप यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक आहे. काही वर्षांपूर्वी पुणे-मुंबईपासून गुजरातपर्यंत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरण्याचा धडाका लागला होता. त्यातल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात, हे चोरांना मालकांच्या आधी कळलं. ईको बहुतेक वेळा हौसेची गाडी नसते. शाळेची मुलं सोडणारा, भाजीचा माल आणणारा, केटरिंगचं सामान नेणारा ती घेतो. त्याचा सायलेन्सर गेला की दुरुस्ती होईपर्यंतचे दिवस बुडतात. गाडी फोडणं म्हणजे श्रीमंताचं नुकसान, हा समज म्हणूनच काढून टाकायला हवा.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. चोरी व्हायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: चोरी करायला तयार असलेला माणूस, सहज उचलता येईल अशी वस्तू आणि रोखणारं कुणी नसणं. पहिली गोष्ट गल्लीच्या हातात नाही. दुसरी आणि तिसरी पूर्ण हातात आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय: रिकामी गाडी

रात्री गाडीत काहीही दिसू नये. लॅपटॉपची बॅग नाही, दुकानाचा गल्ला नाही, लग्नाच्या आहेराची पिशवी नाही, चार्जरची लोंबती वायरही नाही. पिशवीत जुने कपडे आहेत हे मालकाला माहीत असतं, चोराला नाही. तो काच फोडून बघतो. दोनशे रुपयांच्या कपड्यांपायी हजारो रुपयांची काच जाते.

आरसी बुक आणि लायसन्स डॅशबोर्डमध्ये ठेवायची सवयही सोडायला हरकत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरची कागदपत्रं २०१८ पासून मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत. मूळ कागद चोरीला गेले की दुय्यम प्रतींसाठी आरटीओच्या फेऱ्या होतात. गाडी महाराष्ट्र पासिंगची आणि मालक कर्नाटकात राहणारा असेल तर त्या फेऱ्या आणखी लांबतात.

विम्याचाही गैरसमज मोठा आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर फुटलेल्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काच भरून मिळू शकते, पण गाडीत ठेवलेली बॅग, लॅपटॉप, दागिने हे साधारणपणे मोटार विम्यात येत नाहीत. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सवलत जाऊ शकते. सलग पाच वर्षं दावा नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. लहान काचेसाठी दावा करायचा की खिशातून भरायचे, हे आधी मांडून बघावं.

तक्रार का द्यायची?

‘पोलिसात जाऊन काय होणार?’ हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. पण तक्रार न देण्याची किंमत पुढच्या शेजाऱ्याला मोजावी लागते. पोलिसांची रात्रीची गस्त कुठे वाढवायची, हे बरंचसं नोंदींवर ठरतं. ज्या गल्लीतून एकही तक्रार नाही ती गल्ली कागदावर शांत असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली एक बाब इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. कलम ३०३ नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोरीचा माल ५ हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. अशी किरकोळ चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे ‘टेप गेला’ एवढंच तोंडी सांगून परत येण्यात अर्थ नाही. काय गेलं, त्याची किंमत किती, बिल आहे का, काय फुटलं, हे सगळं लिहून द्यावं. फुगवून नाही, पण काही सोडूनही नाही. प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये वेगळी धरली आहे आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. आपल्या प्रकरणात कोणतं कलम लागतं, हे ठाण्यात विचारायला संकोच नको.

सीमाभागासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ त्याहून महत्त्वाचं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी त्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. बेळगावला लग्नाला आलेल्या कोल्हापूरच्या पाहुण्याची गाडी रात्री फुटली आणि त्याला सकाळी निघावंच लागलं, तर तो आपल्या गावच्या ठाण्यात तक्रार देऊ शकतो. ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. तक्रारीची प्रत मोफत मिळते.

राहिला भाषेचा प्रश्न. ठाण्यातला कागद कन्नडमध्ये होतो आणि वयस्क मराठी माणूस काय लिहिलंय ते न कळता सही करून येतो. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायची, हे त्याच कलमात आहे. ती समजेपर्यंत सही करू नये. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. कन्नड चांगलं येणारा एक शेजारी सोबत नेला तर वादाची वेळच येत नाही. गल्लीच्या एकोप्याचा पहिला उपयोग इथेच होतो.

गस्त कशी टिकते

शेजाऱ्यांनी मिळून लक्ष ठेवल्याने चोऱ्या कमी होतात का, यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटनमध्ये अशी योजना १९८२ मध्ये चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन गावात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार जिथे अशी योजना होती तिथे गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी कमी दिसले. रस्त्यावरचे दिवे सुधारल्याने झालेली घट सुमारे २१ टक्के. हे आकडे मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे आपल्या गल्लीला लावता येत नाहीत. पण एक धडा इथेही लागू आहे: एक चांगला दिवा जवळपास एका गस्तीइतकं काम करतो आणि त्याला झोप येत नाही.

म्हणून पहिलं काम दिव्याचं. बंद खांबाचा नंबर लिहून महापालिकेकडे अर्ज, अर्जाची पोच आणि आठ दिवसांनी पुन्हा चौकशी. दहा घरांच्या सह्या असलेला एक अर्ज हा दहा फोनपेक्षा भारी पडतो. झाडाच्या फांद्यांनी दिवा झाकला असेल तर तेही त्यात लिहावं. पावसाळ्यात हे आणखी गरजेचं. बेळगावच्या धो-धो पावसात काच फुटल्याचा आवाज घरात येत नाही आणि वीज गेली की सगळी गल्ली अंधारात बुडते.

दुसरं, रोजचा एक फेरा. वीस जणांनी रात्रभर जागण्यापेक्षा दोन घरांनी मिळून साडेदहा-अकराला एकदा गल्ली फिरून यावं. कुणाच्या गाडीची काच उघडी राहिली, कुणाच्या सीटवर बॅग दिसते, कुणाचं दार नीट लागलेलं नाही, एवढंच बघायचं आणि मालकाला फोन करायचा. वीस घरं असतील तर दोन-दोन घरांच्या जोडीने दहा दिवसांत एकदा पाळी येते. एवढं कुणालाही झेपतं. जेवणानंतरची शतपावली गल्लीतच करायची, एवढाच फरक.

तिसरं, रात्री जागी असणारी माणसं ओळखणं. उद्यमबागच्या फाउंड्रीतून दुसरी पाळी संपवून मध्यरात्री परतणारा कामगार, पहाटेची बस काढायला निघणारा चालक, चार वाजता पेपरचे गठ्ठे उचलणारा मुलगा, दुधाची गाडी, परीक्षेसाठी जागणारा विद्यार्थी, झोप न लागणारे आजोबा. गल्ली रात्री पूर्ण झोपत नसते. या माणसांकडे दोन-तीन शेजाऱ्यांचे नंबर असावेत आणि काही वावगं दिसलं तर कुणाला सांगायचं हे त्यांना माहीत असावं. शिट्टी वाजवत फिरणाऱ्या गुरख्याला महिन्याचे पैसे देताना हातावर चिल्लर ठेवून दार लावण्याऐवजी त्याच्याशीही दोन शब्द बोलावेत. त्याच्याइतकी रात्रीची गल्ली कुणालाच माहीत नसते.

चौथं, कॅमेरे. नवे घेण्याआधी असलेले चालतात का, ते बघा. घड्याळ चुकीचं, काचेवर जाळं, डिस्क भरलेली, अशी अनेक ठिकाणी अवस्था असते. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून घटना कळल्या दिवशीच ते काढून ठेवावं. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे असावं. समोरच्याच्या दारात किंवा खिडकीत डोकावणारा कॅमेरा चोराआधी भांडण आणतो.

काठी हातात घेण्याआधी

इथवरचं सगळं सोपं आहे. धोका पुढे आहे आणि तो आपल्याच भागाने पाहिला आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे होते. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यात मुरकीजवळ, मुलांना चॉकलेट दिल्यावरून अफवा उठली आणि हैदराबादहून आलेल्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. त्यांच्या गाडीची बातमी व्हॉट्सॲपवरून पुढच्या गावात त्यांच्या आधी पोचली होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्या भागात चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि गावकरी रात्री पहारा देत होते.

तिन्ही ठिकाणी मेलेली माणसं निरपराध होती. मारणाऱ्यांतल्या अनेकांना तेव्हा आपण गाव राखतोय असंच वाटत होतं. गल्लीची गस्त आणि जमाव यांच्यातलं अंतर एका फॉरवर्ड केलेल्या मेसेजइतकं असू शकतं.

कायदा इथे स्पष्ट आहे. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तरच सामान्य माणूस कुणाला धरू शकतो. धरल्यावर विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसता संशय आला, माणूस अनोळखी आहे, उत्तर नीट देत नाही, ही कारणं पुरत नाहीत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून कुणाचा जीव घेतला तर नव्या संहितेत फाशी किंवा जन्मठेप आहे. गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. यातले ‘भाषा’ आणि ‘जन्मस्थान’ हे शब्द सीमाभागाने दोनदा वाचावेत.

संशय नेहमी ठरावीक माणसांवरच का जातो, हाही प्रश्न आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना कायद्यानेच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण मनातून पुरता गेलेला नाही. पाल ठोकून राहणारं कुटुंब, भंगार गोळा करणारी बाई, परप्रांतीय गवंडी यांचे फोटो ‘सावध राहा’ म्हणून फिरवणं ही गस्त नव्हे.

म्हणून नियम थोडे पण पक्के हवेत. दोघांनी मिळून फिरायचं, एकट्याने नाही. हातात बॅटरी आणि शिट्टी. काठी, कोयता नाही. दारू प्यालेल्याला पाळी नाही. पाठलाग नाही. काही दिसलं तर दिवे लावायचे, आवाज द्यायचा, गाडीचा नंबर टिपायचा आणि ११२ ला फोन करायचा. ग्रुपवर चेहरा टाकायचा नाही. फोटो असेल तर तो पोलिसांना द्यायचा. आणि गस्त सुरू करण्याआधी कोण, कधी फिरणार याची यादी जवळच्या ठाण्यात देऊन पोच घ्यायची.

पोलिसांशी सांधा

नागरिकांनी पोलिसांना हातभार लावण्याची कल्पना नवी नाही. गावांसाठी कर्नाटकात ग्राम संरक्षण दलांचा १९६४ चा कायदा आहे, तर महाराष्ट्रात पोलीस पाटलाचं पद ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खाली चालतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने ‘मने मनेगे पोलीस’, म्हणजे घरोघरी पोलीस, हा उपक्रम सुरू केला. बीटच्या पोलिसाने घरोघर जाऊन ओळख करून घ्यावी, अडचणी ऐकाव्यात, असा त्याचा हेतू आहे. आपल्या बीटचा पोलीस कोण, हे गल्लीतल्या किती जणांना माहीत आहे? माहीत नसेल तर ठाण्यात जाऊन विचारावं, तो नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

ही गरज बेळगावला जास्त आहे. शिनोळीपासून चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र सुरू होतो. चोर्ला घाट उतरला की गोवा. निपाणीच्या पुढे कोगनोळी ओलांडली की कागल. पहाटे तीनला चोरलेला माल उजाडायच्या आत दुसऱ्या राज्यात असू शकतो. माणूस आणि माल सहज सीमा ओलांडतात, कागद मात्र नाक्यावर अडतो. हा सांधा तीन राज्यांच्या पोलिसांनीच जोडायला हवा. पण वेळेवर दिलेली, तारीख-वेळ-नंबर असलेली तक्रार हाती नसेल तर जोडायला त्यांच्याकडेही काही नसतं.

ज्याच्याशी बोलणं नाही, त्याची गाडी

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि त्यावर ग्रुपमध्ये कुणी बोलत नाही. गल्लीतली निम्मी भांडणं गाडी लावण्यावरूनच होतात. दारासमोर दगड, कुंड्या, जुने टायर ठेवून जागा अडवली जाते. टायरची हवा जाते, पुसण्याचं पाणी कुणाच्या तरी दारात जातं, आणि दोन घरांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं. मग रात्री त्याच घरासमोरच्या गाडीचा अलार्म वाजतो. खिडकी उघडायची की कूस बदलायची?

चोराला गल्लीतली ही भांडणं माहीत असायची गरज नसते. अलार्म वाजूनही खिडकी उघडली नाही, एवढं त्याला पुरतं. ग्रुपवर फक्त मराठी घरं, समोरची कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं वेगळ्या ग्रुपवर, आणि भाड्याने राहणारी कॉलेजची मुलं कुठल्याच ग्रुपवर नाहीत, अशी रचना असेल तर गस्तीला भोकं पडलेलीच असतात. काच फोडणारा दारावरच्या पाटीची भाषा बघत नाही.

म्हणून गस्तीची यादी करताना पहिलं पान पार्किंगचं असावं. कोण कुठे गाडी लावणार, पाहुण्यांची गाडी कुठे, रिक्षा आणि ईको दिव्याखाली लावायला मिळणार का. ज्याची गाडी हेच पोटाचं साधन आहे त्याला उजेडातली जागा द्यायची, एवढं जरी गल्लीने एका बैठकीत ठरवलं तरी ती गस्त दहाव्या रात्रीनंतरही चालेल. गणपतीची वर्गणी, मांडव आणि मिरवणुकीचं नियोजन दरवर्षी चोख करणाऱ्या गल्ल्यांना हे जमणार नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. तिथे अकरा दिवस पुरतात. इथे रोज रात्री दहा मिनिटं लागतात.